मकासऱ्यांची बारी

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. दाराशी बसलेल्यांनो, आत या, बाहेर काही मिळायचं नाही. पेटीवाले, सूर धरून ठेवा, मी मागेन तेव्हा द्या. आधी एक प्रश्न टाकतो, मग गोष्टीला लागतो. प्रश्न सोपा आहे. दुःखात पडलेल्या माणसाला द्यावं काय?

तुम्ही म्हणाल, बुवा, यात विचारायचं काय? धान्य द्यावं, औषध द्यावं, धीर द्यावा. बरोबर आहे. द्यावंच. पण हे सगळं देऊन झालं, आणि तरीही त्या माणसानं भिंतीकडं तोंड फिरवलं — तर? मग द्यायचं काय राहिलं? एवढं मनात धरा आणि ऐका.

गोदावरीच्या काठापासून थोडं आत बोरतळं नावाचं गाव. गावाच्या उगवतीला आपली ख्रिस्ती आळी. लहानसं प्रार्थनामंदिर, वर पत्रा, दारात कडुलिंब. आळीत दर गुरुवारी संध्याकाळी घरप्रार्थना. आज एकाच्या घरी, पुढच्या गुरुवारी शेजारच्या घरी, अशी रांगेनं. ज्याचं घर येईल त्याची बारी. बारी आली की त्या घरानं सारवायचं, चटई घालायची, दिवा लावायचा. घरधन्यानं पहिली प्रार्थना करायची आणि शेवटी सगळ्यांना चहा द्यायचा.

आता नुसता चहा, हे जुनं झालं हं! मध्येच कुणीतरी चहाबरोबर मुरमुरे ठेवले. शेजारणीला वाटलं, आपण मुरमुऱ्यांवर कसं भागवायचं? तिनं पोहे केले. पोह्यांना भज्यांनी हरवलं, भज्यांना शिऱ्यानं हरवलं. मी स्वतः पाहिलंय — प्रार्थना लांबली की एक डोळा मिटलेला आणि दुसरा चुलीकडं. हसता काय? इथून मला ओळखीचे चेहरे दिसतात.

तर त्या आळीत शांतवन मकासरे राहायचा. गवंडी माणूस. हाताला सफाई, आवाज खणखणीत. बायको लिदिया, बोलायला तिखट, कामाला वाघीण. बरं चाललं होतं. आणि एके दिवशी पाण्याच्या टाकीचं काम करताना पायाखालची परांची निसटली. शांतवन खाली आला. जीव वाचला, पण खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, घरी आणलं, खाटेवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, वर्ष जाईल. पुन्हा परांचीवर चढेल का? ते सांगता येत नाही म्हणाले.

आता मंडळी, आळीला नावं ठेवू नका. आळी धावली. पुरुषांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं, आळीपाळीनं उशाशी बसले. आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे — घरची बाई पीठ काढण्याआधी एक मूठ धान्य प्रभूच्या नावानं मडक्यात टाकते. महिला मंडळ ते गोळा करतं. ते मुठीचं धान्य लिदियाच्या घरी पोचू लागलं. लिदिया कांद्याच्या रानात मजुरीला जायची, आणि जे धान्य घरी यायचं त्यातूनही आधी एक मूठ काढून मडक्यात टाकायची. आलेल्यातून परत देणारी बाई!

महिला मंडळाच्या प्रमुख सगुणाकाकू पाटोळे. मनानं लोणी, पण सगळ्या आळीचं बरंवाईट आपणच ठरवायचं, अशी सवय. त्यांनी ते मडकं पाहिलं.

"लिदिया, अगं वेडी का काय? तुझी मूठ आता राहू दे. प्रभूला कळतं."

लिदियानं मडकं कोपऱ्यात सरकवलं.

मग बारी जवळ आली. पाटोळ्यांच्या अलीकडचं घर मकासऱ्यांचं. लिदियानं आठवडाभर आधीच भिंती पांढऱ्या मातीनं सारवल्या. शांतवननं खाटेवरून हुकूम सोडला, "माझी खाट त्या कोपऱ्यात सरकव. लोकांना बसायला जागा नको? आणि गूळ आहे का बघ." कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात जीव आला होता.

आणि आदल्या गुरुवारी, दुसऱ्याच्या घरी प्रार्थना संपता संपता सगुणाकाकू उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी सगळ्यांनी आमच्या घरी यावं."

एक घर ओलांडलं! लिदिया तिथंच बसलेली. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना वाटलं, केवढा समजूतदारपणा. बिचारीवर भार नको. कुणाच्या मनात पाप नव्हतं, मंडळी. म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही.

लिदिया घरी आली. शांतवननं विचारलं, "मग? आपली सांगितली का बारी?"

"नाही. पाटोळ्यांची सांगितली."

तो म्हणाला, "म्हणजे आता आपण फक्त घेणाऱ्यांतले." आणि त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून त्याचं गाणं बंद, प्रार्थना बंद. जेवण पुढं ठेवलं तर चिवडायचा. लिदियाचा भाऊ शहरात होता. शांतवन म्हणायला लागला, "तिकडं जाऊ. तिथं तुझ्या भावाशिवाय मला कुणी ओळखत नाही. न ओळखणाऱ्यांवर भार झालो तर लाज तरी वाटायची नाही." लिदियानं आधी नको म्हटलं, मग भांडली, मग थकली. शुक्रवारी निघायचं ठरलं. तिनं भांडी गाठोड्यात बांधायला घेतली.

त्यातच बुधवारी सगुणाकाकू पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या. दारातून हाक मारली, "लिदिया, गरम आहे गं, लगेच खा."

लिदिया म्हणाली, "काकू, तो डबा न्या परत."

"का गं? मीठ कमी पडतं होय माझ्या हातचं?"

"मीठ बरोबर असतं. आधी माझी मूठ थांबवली, मग बारी थांबवली. उद्या प्रार्थनेला बसले तर माझं आमेनसुद्धा तुम्हीच म्हणणार का?"

"अगं, तुझ्यावर भार नको म्हणून केलं ना!"

"घरात चार माणसं आली तर भार होतो होय? ती येत नाहीत त्याचा होतो."

काकूंना राग आला. येणारच की! चांगलं करायला जावं आणि वर ऐकून घ्यावं! डबा उंबऱ्यावर ठेवून त्या तरातरा निघून गेल्या. घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, "आजकाल कुणाचं करायची सोय राहिली नाही." हे वाक्य तुमच्या घरात कधी बोललं गेलंय का? मी विचारत नाही. तुम्हीच आठवा.

उजाडला गुरुवार. दिवस मावळता मावळता पाटोळ्यांच्या घरी आळी जमली. मोठी कढई भरून शिरा, वर बेदाणे. मंदिराचे पाळकसाहेब आले. पद झालं. पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाच्या काही विनंत्या?" पहिल्याच बाईनं सांगितलं, "शांतवनभाऊंसाठी प्रार्थना करा, ते फार खचलेत." दुसऱ्यानं तेच सांगितलं, तिसऱ्यानंही तेच. सगळ्यांचे डोळे ओले.

आणि मंडळी, शांतवनचं घर कुठं? पाटोळ्यांच्या भिंतीला भिंत! इकडं उसासा टाकला तर तिकडं ऐकू जावा. माणूस भिंतीपलीकडं, आणि यांची प्रार्थना निघाली आभाळाच्या वाटेनं!

पाळकसाहेब म्हणाले, "सगुणाबाई, तुम्ही करा प्रार्थना."

काकूंनी डोक्यावर पदर घेतला. डोळे मिटले. "हे प्रभू येशू, तू दुःखितांचा सोबती आहेस. प्रभू, तू आमच्या शांतवनच्या घरी जा. त्याच्या उशाशी बस. तू त्याच्या घरी..."

आणि काकू थांबल्या.

लोकांना वाटलं, गहिवर आला. वाट बघितली. काकू बोलेनात. एकानं डोळा उघडला, दुसऱ्यानं उघडला. काकू डोळे उघडे ठेवून त्या भिंतीकडं बघत होत्या. काय झालं असेल? मला विचाराल तर त्यांना आपलंच बोलणं ऐकू आलं. "प्रभू, तू जा." आणि आपण? आपण इथं बसून शिरा खाणार!

आमेन नाही, काही नाही. काकू उठल्या. म्हणाल्या, "चला, उठा सगळे. बारी इथं नाही. आज बारी मकासऱ्यांची आहे. चुकलं माझं."

एका बाईनं धावत जाऊन शिऱ्याची कढई उचलली. "ही तरी घेऊ ना काकू?"

"ठेव ती खाली," काकू म्हणाल्या. "लिदियाच्या घरचं काय असेल ते घेऊ."

पेटीवाले, आता द्या सूर. आपला प्रभू वाटेनं चालून थकला, विहिरीवर बसला. जिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं अशी बाई पाण्याला आली. जगाला जीवन देणारा तो, आधी तिला काय म्हणाला? पाणी दे म्हणाला. मला वाचायला फार उशिरा आलं, पण एवढं मी ऐकूनच शिकलो होतो. म्हणा माझ्यामागं —

थकला तो स्वामी । बैसला विहिरी ।
मागे पाणी, करी । थोर मज ॥

थोर मज! पाणी प्यायला तो, आणि थोर झाली ती!

तर मंडळी, आळी मकासऱ्यांच्या दारात उभी. लिदियानं दार उघडलं. मागं बांधलेली गाठोडी दिसत होती. सगळे रिकाम्या हातांनी आलेले. काकू पुढं झाल्या.

"लिदिया, चटई घाल. आम्ही बारीला आलोत."

"काकू, चटई गुंडाळलीय. भांडी बांधलीत. चहाला दूध नाही."

"दूध कुणी मागितलं? सोड ती गाठ. कप काढ. मला जरा जास्त गूळ टाक, कालपासून तोंड कडू आहे माझं."

लिदिया एकदम हसली, आणि हसता हसता रडली. गाठोडं सोडलं. कप पुरले नाहीत, कुणाला वाटी, कुणाला पेला, दोघांत एक बशी. चुलीवर आधण चढलं.

आत शांतवन तसाच, भिंतीकडं तोंड करून पडलेला. पाळकसाहेब त्याच्या खाटेपाशी खालीच बसले. धीर दिला नाही, वचन सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "शांतवनभाऊ, घर तुमचं आहे. पहिली प्रार्थना तुम्ही करायची. आम्ही थांबलोय."

चुलीवर आधण उकळायला लागलं.

हळूच त्यानं मान वळवली. लिदियानं पाठीला आधार दिला, तो अर्धा उठून बसला. आणि त्यानं प्रार्थना केली. स्वतःसाठी? खुब्यासाठी? नाही! महिनोन्‌महिने खाटेवर पडून तो भिंतीतून सगळ्या आळीचं ऐकत होता. कोण कुणाशी भांडलं, कोणाचं लेकरू तापानं फणफणलं, सगळं त्याला ठाऊक. तो म्हणाला, "प्रभू, सगुणाकाकूंचा मुलगा पुण्याला गेल्यापासून घरी बोलत नाही. काकू दुपारी एकट्या रडतात, मी ऐकतो. त्या मुलाच्या मनात आईची आठवण घाल."

काकूंनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्या आळीला धान्य पोचवणारी बाई, पण तिच्यासाठी प्रार्थना करावी हे कुणाला सुचलंच नव्हतं. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि मोकळेपणी रडल्या. शांतवन एकेकाचं नाव घेत गेला. प्रार्थना लांबली, खूप लांबली — आणि त्या दिवशी एकाचाही डोळा चुलीकडं गेला नाही.

मग कोरा, गुळाचा चहा झाला. काकूंनी दोनदा मागून घेतला.

पाय लगेच बरा झाला का, असं विचाराल. नाही झाला. पुढं कुबड्या आल्या, मग काठी आली. परांचीवर तो पुन्हा चढला नाही. खाली बसून पोरांना भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा धरायला शिकवू लागला. दिवस कठीणच होते, बरेच दिवस कठीण राहिले. पण शुक्रवारी ती दोघं गेली नाहीत. कप काढायला सोडलेलं ते गाठोडं लिदियानं परत बांधलंच नाही.

आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही देणारे आहात, मला माहीत आहे. पण तुमच्या आळीत असं एखादं घर आहे का, जिथं तुम्ही डबा पोचवता आणि बसत मात्र नाही? ज्याच्यासाठी रोज प्रार्थना करता, पण ज्याला कधी म्हणत नाही की माझ्यासाठी कर? प्रभूनं त्या घराची बारी काढून घेतलेली नाही. तुम्ही-मी काढली, दया करून काढली.

तर उद्या तिथं जा. हात रिकामे घेऊन जा. चटईवर बसा आणि म्हणा, बाई, चहा टाक, मला आज तुझ्या घरचा हवाय.