चहाचा पहिला कप

(ग्वांगचौ. नदीवरची पर्यटकांची बोट, दिवेलागणीची वेळ. यूचिनची पाच वर्षांची मुलगी थांगथांग आजीच्या, म्हणजे यूचिनच्या आईच्या, मांडीवर झोपली आहे.)

आई : पुरे गं ते फोटो! सकाळपासून हसून हसून गाल दुखायला लागलेत माझे.

यूचिन : अगं तो बघ, मनोरा उजळला! मघाशी खाली उभ्या होतो ना, तोच. मान इकडे कर, एकच.

आई : बारा वर्षं या शहरात बूट शिवले आणि ही नदी आज बघतेय. कारखाना ते खोली, खोली ते कारखाना.

यूचिन : म्हणून तर फिरवतेय तुला.

आई : म्हणून होय? सकाळी चहाबरोबर कोळंबी काय, कोंबडीचे पाय काय! मग बेटावरचे ते जुने बंगले, नवं जाकीट. लग्न झाल्यापासून जिनं मला धड फोन केला नाही, ती आज एवढी साखर पेरतेय. बोल, काय हवंय?

यूचिन : तू ना, प्रत्येक गोष्टीत...

आई : बोल म्हटलं.

यूचिन : थांगथांगला उद्या गावी घेऊन जा. तुझ्याबरोबर.

आई : किती दिवस?

यूचिन : तिची रहिवासाची नोंद गावची आहे. इथली सरकारी शाळा घेत नाही, खासगी झेपत नाही. आम्हा दोघांच्या पाळ्या उलटसुलट. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या...

आई : किती दिवस, ते विचारलं मी.

यूचिन : प्राथमिक शाळा संपेपर्यंत.

आई : वा गं वा! मी तुला आजीकडे ठेवून इथं आले, तर 'टाकून गेली' म्हणून गावभर सांगत फिरलीस.

यूचिन : टाकूनच गेलीस! दर नववर्षाला यायचीस, कपडे द्यायचीस, जरा ओळख होतेय तोवर बॅग भरायचीस. ताप आला तर आजी, शाळेत मार खाल्ला तर आजी. तुला 'आई' म्हणायची लाज वाटायची मला.

आई : म्हणून लग्नात सगळ्यांदेखत आजीसमोर आधी गुडघे टेकलेस. आईच्या मानाचा चहाचा पहिला कप तिला. मी आईच्या खुर्चीत, नवं लाल जाकीट घालून बसलेली. माझ्यापर्यंत चहा आला तेव्हा गार झाला होता.

यूचिन : तो कप तिचाच होता. वाढवलं तिनं.

आई : मी कुठं नाही म्हणतेय? तिचाच होता. या पोरीला काय सांगितलंयस?

यूचिन : सुट्टीत आजीकडे जायचं. महिनाभर.

आई : मी तुला सांगितलं होतं, बाजारात जाऊन येते.

यूचिन : माहितीये. अंधार पडेपर्यंत उंबऱ्यावर बसले होते मी... आई, दुसरा रस्ताच नाही गं. असता तर तुझ्यापुढे तोंड उघडलं असतं का?

आई : मला तरी कुठं होता दुसरा रस्ता? एकदा तरी विचारलंस?

यूचिन : नेशील ना?

आई : नेते. न नेऊन काय करू? हलवू नकोस तिला, झोपू दे. फक्त एक सांगून ठेवते.

यूचिन : काय?

आई : तोवर मी असले, तर हिच्या लग्नात पहिला कप मला येईल. तुला येईल तो गार असेल. तोंड वाकडं करू नकोस. पिऊन टाक.