रिकामा डबा

आमच्या आईनं मुंबईत जाऊन रिकाम्या डब्यावरून हुज्जत घातली होती, हे सांगितलंय का तुम्हाला? पंधरा ऑगस्टला जोडून रविवार आला, म्हणून आम्ही दोघं कासार आंबोलीहून ताईकडे गेलो होतो. ताईचं नवं लग्न, भाऊजी दिवसभर कामावर. आईनं बूथवरून फोन केला की ताई म्हणायची, "शेजारी कोण राहतं तेसुद्धा ठाऊक नाही गं."

आईनं गेल्या गेल्या आंबेमोहोराच्या तांदळाची खीर केली आणि डबाभर शेजारच्या बाईंना दिली. संध्याकाळी बाईंनी डबा स्वच्छ धुऊन आणून दिला. आई दारातच म्हणाली, "रिकामा डबा माघारी देत्यात व्हय? चिमूटभर साखर तरी घाला!"

ताई लाजेनं अर्धी झाली. बाई मात्र हसल्या आणि साखर घालून आल्या.

निघायच्या सकाळी आईनं त्याच डब्यातून शेजारी पोहे दिले. एसटीत बसल्यावर मला आठवलं. "आई, आपला डबा शेजारीच राहिला की!"

"राहू दे. आता ती रिकामा आणायची न्हाई, अन् तुझी ताई रिकामा द्यायची न्हाई. पोरीचं दार कुणीतरी वाजवाया नको का?"