नवव्या दिवशी विचारायचं

आजच्या या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या गावच्या सरपंच माननीय सविताताई. व्यासपीठावर विराजमान शाळा व्यवस्थापन समितीचे बजरंगअण्णा. आजच्या सत्कारमूर्ती विजयमालाबाई खेडकर. पाथर्डीहून भर उन्हात आलेले शिक्षक बंधुभगिनी. ऊसतोडीवरून परतलेले पालक, आणि सुट्टी असूनही बाईंसाठी आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मी भाषण लिहून आणलं होतं. ही बघा, चार पानं. बाईंची तेहेतीस वर्षांची सेवा, कुठं कुठं बदली झाली, सगळं क्रमानं आहे. पण मघाशी अण्णा बोलले आणि माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. अण्णा म्हणाले, "आपले हेडमास्तर दहिफळे सर असे, की एका पोरीची भेट तिच्या आईला द्यायला थेट कोपरगावच्या ऊसतोडीच्या तळावर गेले." तुम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. गेली अडीच वर्षं गावात ही गोष्ट अशीच सांगतात, आणि मी ती तशीच ऐकून घेतो. आज बाई निवृत्त होऊन निघाल्या. आता नाही तर केव्हा बोलणार मी?

जरा पाणी घेतो. क्षमा करा.

बाईंचा उपक्रम तुम्हाला ठाऊक आहे. दसरा झाला, की तिसरीच्या वर्गातल्या प्रत्येकानं घरातलं एक माणूस निवडायचं. आठ दिवस त्या माणसाकडे नीट बघायचं. त्याचं काय दुखतं, काय अडतं, ते वहीत लिहायचं, आणि मग त्याला द्यायची भेट स्वतः ठरवायची. दुकानातून काही आणायचं नाही, घरात असेल त्यातूनच करायची. दिवाळीनंतर निम्मं गाव कारखान्यांकडे निघतं. त्याच्या आत भेट हातात पडली पाहिजे, एवढीच बाईंची घाई असायची.

खरं सांगतो, मला हा उपक्रम पटत नव्हता. मी एकदा म्हणालोही, "बाई, पोरांना पाढे येत नाहीत आणि तुम्ही भेटी कसल्या शिकवता?" बाई म्हणाल्या, "सर, पाढे विसरले तर पुन्हा पाठ करता येतात." मी हसलो आणि विषय संपवला.

त्या वर्षी तिसरीत पंकजा होती. वैजनाथ आणि लंकाबाईंची मुलगी. ती बसली आहे तिथं, तिसऱ्या रांगेत, आईच्या शेजारी. येत्या जूनमध्ये सहावीत जाईल. तिनं आईला निवडलं होतं. तिच्या वहीत आठही दिवस जवळजवळ एकच ओळ होती: "आईचे हात चिरलेले आहेत. उसाच्या पाल्यानं चिरतात." मग तिनं काय करावं? शाळेतून नवे बूट-मोजे मिळाले होते. तिनं त्या मोज्यांची पुढची तोंडं कापली, अंगठ्यासाठी भोक पाडलं, कडा दोऱ्यानं शिवल्या आणि आईसाठी हातमोजे केले.

ते बाईंना दाखवायला तिनं शाळेत आणले, आणि नेमकी त्याच दिवशी शाळेची तपासणी होती. सगळी मुलं बूट-मोजे घालून रांगेत उभी, आणि हिचे पाय बुटात उघडे. मी विचारलं, "मोजे कुठं आहेत?" तिनं मोठ्या हौसेनं दप्तरातून काढून दाखवले. तिला वाटलं, सर शाबासकी देतील. मी तिला साऱ्या शाळेसमोर उभं केलं. "नव्या वस्तूची नासाडी करायला दिले होते का?" असं ओरडलो, मोजे काढून घेतले आणि कपाटात कुलूपबंद केले.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, आई आज चार वाजता जानार हाय. ट्रॅक्टर आलाय. तेवढं द्या ना."

मी म्हणालो, "उद्या बघू."

साहेब आले, शेरा चांगला मिळाला, त्या आनंदात मी तीनलाच पाथर्डीची गाडी धरली. चारला ट्रॅक्टर गेला. किल्ली माझ्या खिशात होती.

दुसऱ्या दिवशी पंकजानं माझ्याकडे काही मागितलं नाही. आजतागायत मागितलेलं नाही.

वहीत शेवटच्या पानावर बाईंचा प्रश्न असतो, 'भेट मिळाल्यावर त्या माणसाला कसं वाटलं?' त्याखाली तिनं लिहिलं, "न्हाई दिली." बाई ती वही घेऊन माझ्या खोलीत आल्या. वही उघडून टेबलावर ठेवली. मी म्हणालो, "घेऊन जा मोजे. कोणाच्या तरी हाती पाठवा." तेव्हा बाई म्हणाल्या, "काढून घेतले तुम्ही. द्यायलाही तुम्हीच यायचं. रविवारी सकाळची एसटी आहे."

असा मी गेलो, अण्णा. मला नेलं होतं.

पंकजाच्या आजी बनुबाई, त्यांनी पोरीला आमच्याबरोबर धाडलं. कोपरगाव येईपर्यंत मी मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत होतो, 'लंकाबाई, माझी चूक झाली.' तळावर पोचलो. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, त्या कोप्या, मधे चुली. लंकाबाई लेकीला बघून धावतच आल्या. तिला पोटाशी धरलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, तुमी सोता आलात? एवढ्या लांब, आमच्या पोरीसाठी? देवमानूस हाय हो तुमी!"

आणि मी काय केलं? हात जोडले. हसलो. म्हणालो, "आमचं कर्तव्यच आहे."

बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. ते बघणं अजून माझ्या अंगावर आहे.

पंकजानं मोजे दिले. लंकाबाईंनी हात घालून बघितला. तिसरीतल्या पोरीचे मोजे ते! "आगं बाय, ह्यात माजी दोन बोटं बी जायची न्हाईत!" पोरीचा चेहरा असा उतरला. लंकाबाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. त्यांनी कोयता उचलला, एक मोजा मुठीवर चढवला, दुसरा वैजनाथच्या कोयत्यावर. "ह्ये बघ, कसं घट्ट बसलं! आता मूठ सटकायची न्हाई."

पण बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "लंकाबाई, खरं सांगा. तुम्हाला काय हवं होतं?"

लंकाबाई लाजल्या. "मला कोन इचारतंय बाई! ... आरसा. हितं यिऊन बारा दिस झाले, तोंड बघितलं न्हाई. कुंकू लावते ती अंदाजानं. ह्यास्नी इचारते, सरळ लागलं का? तर म्हन्त्यात, हाय सरळ."

वैजनाथ चुलीपाशी बसले होते. म्हणाले, "म्या बघतो कवा? मान वर न करताच सांगतो."

सगळा तळ हसला. पंकजा हसली नाही. तिनं विचारलं, "केवढा आरसा, आई?"

परतताना कोपरगाव स्टँडवर मला राहवेना. समोर दुकान होतं. मी आरसा घ्यायला निघालो, तर बाईंनी अडवलं. "नको, सर. ती भेट तिची आहे. तिला करू द्या."

पुढच्या आठवड्यात पंकजा वाकडा भांग पाडून शाळेत आली. दुसऱ्या दिवशीही तसाच. माझ्या तोंडात रागाचे शब्द आले होते, ते मी गिळले आणि नुसतं कारण विचारलं. ती म्हणाली, "घरातला आरसा आईला धाडला, टेम्पोत. आज्जी म्हनली, मला काय करायचा ह्या वयात? ने." सबंध हंगामभर, वैशाख लागेपर्यंत, तिचा भांग वाकडाच होता. आणि लंकाबाईंचं कुंकू सरळ होतं, हे वैजनाथनं पुढं मला स्वतः बघून सांगितलं.

त्यानंतर बाईंनी उपक्रमात एक दिवस वाढवला. आठ दिवस बघायचं, आणि नवव्या दिवशी विचारायचं. पहिल्या दिवशी वर्गात त्या मुलांना म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं. मी तुम्हाला अर्धंच शिकवत होते." तीस वर्षं नोकरी झालेली बाई आठ वर्षांच्या पोरांसमोर असं म्हणाली. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. मला वाटलं, आत्ता आपणही आत जावं. गेलो नाही. कार्यालयात जाऊन हजेरीपट चाळत बसलो.

बाई, या अडीच वर्षांत तुम्ही ही गोष्ट कुणाला सांगितली नाहीत. मला वाटायचं, तुम्ही मला वाचवताय. आता वाटतं, तुम्ही वाट बघत होता. उशीर केला मी.

सविताताई घड्याळाकडे बघत आहेत, जेवणं खोळंबली आहेत. आटोपतो. आपण सर्वांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, समितीनं बोलायची संधी दिली, त्याबद्दल मनापासून आभार. बाईंना पुढचं आयुष्य निरोगी, सुखाचं जावो.

बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक बोललं गेलं असल्यास पोटात घाला, असं शेवटी म्हणायची रीत आहे. मला आज 'असल्यास' म्हणता येत नाही. लंकाबाई, तुम्ही मला देवमाणूस म्हणालात, तो मान माझा नव्हता. ट्रॅक्टर निघाला तेव्हा किल्ली माझ्या खिशात होती. आणि पंकजा...

नाही, तू उठू नकोस, बाळ. बसून राहा. आज मी उभा आहे. सगळ्यांसमोर. मला माफ कर.