हरताळाच्या दिवशी घारापुरी

लालबागच्या बसथांब्यावर कमलाकांतांनी पेपर उघडला होता खरा, पण पान काही उलटेना. रांगेत त्यांच्या पुढे गिरणीतला दौलत आणि त्याची बायको गंगुबाई यांचा घारापुरीचा बेत शिजत होता.

"अकरा वर्षं नेतो नेतो म्हणताय!"

"आता ठरलं गो. बुधवारी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ, गिरणी बंद. सकाळच्या लाँचने घारापुरी!"

"मग वड्यांचं पीठ भिजवते. ताईलाही बोलावलंय."

"येऊ दे. त्या दिवशी मुंबईत पान हलायचं नाही. ट्राम नाही, बस नाही."

"मग धक्क्यापर्यंत?"

"चालत जाऊ."

"आणि लाँचवाले?"

"ते सगळे आपल्या रत्नागिरीचे. पक्के! एक जण कामावर आला तर नाव बदलीन."

"मग आपल्याला नेणार कोण?"

कमलाकांतांनी पेपर तोंडासमोर आणखी वर धरला.

"अवो, बोला की! आणि सुटलीच लाँच तर?"

"सुटते कशी? मी स्वतः आडवा पडेन धक्क्यावर!"

"पडा. आणि नाही सुटली, तर उठू नका. ताईच्या देखत वड्यांचा टोप तुमच्या डोक्यावर रिकामा करते."