उरलेली अर्धी म्हण

मुलगी : नाही, त्यांना कळलंय. मी म्हटलं, "बाबा, आई गेली," तर लगेच म्हणाले, "शेपूट राहिलं." हत्ती गेला, शेपूट राहिलं. म्हणजे ती गेली, मी उरलो. आणखी स्पष्ट काय बोलायचं माणसानं?

थेरपिस्ट : ताई, मेंदूच्या अशा झटक्यानंतर स्वतःचे शब्द जातात, पाठ असलेलं राहतं. पाढे, म्हणी, तोंडाच्या सवयीचं सगळं. अर्थ पोचलाच असेल असं नाही. कधी कधी जुळून येतं. कावळा बसायला...

वडील : फांदी तुटायला.

मुलगी : बघा! ऐकतात की सगळं.

थेरपिस्ट : ऐकतात, हो. ऐकू तर येतंच.

मुलगी : शब्दकोशात नोकरी केलीय त्यांनी. 'म'चे सगळे शब्द त्यांच्या टेबलावर. आमच्या ताटात भाजी थोडी, व्युत्पत्ती भरपूर! म्हण आली 'म्हणणे'वरून. तिला जुना शब्द आहणा, तो संस्कृतातल्या 'आभाणका'वरून. आई विचारायची, "ते राहू द्या, पण म्हण पहिल्यांदा म्हटली कुणी?" बाबा म्हणायचे, "ते सापडलं तर ती म्हण कसली? कुणाचीच नसते, म्हणून तर सगळ्यांची होते." मग ती स्वयंपाकघरातून अर्धी म्हण टाकायची आणि हे इथे बसून पुरी करायचे. जन्मभर तोच खेळ.

थेरपिस्ट : म्हणजे दुसरं अर्धं नेहमी यांचं.

मुलगी : हो. अजून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसतात. मला एवढंच कळायला हवं, की ती नाही हे यांना माहीत आहे का. असेल तर आम्ही दोघं मिळून रडू. येणारे येऊन गेले, धीर देऊन गेले. मला एकटीला रडता येत नाहीये हो.

थेरपिस्ट : एक करून बघू का? तुम्हाला चालणार असेल तरच.

मुलगी : बघा की.

थेरपिस्ट : काका, बस गेली.

वडील : शेपूट राहिलं.

थेरपिस्ट : काका, लाइट गेली.

वडील : शेपूट राहिलं.

मुलगी : पुरे.

थेरपिस्ट : ताई, मला असं करायचं नव्हतं...

मुलगी : तुमचं काय चुकलं? वेडी मीच. मावशीला, काकांना, सगळ्यांना फोन करून सांगितलं, बाबा किती नेमकं बोलले म्हणून. मावशी तर ढसाढसा रडली.

थेरपिस्ट : सराव सोडू नका. मी गुरुवारी येते.

मुलगी : या. दार तेवढं ओढून घ्या.

(दार लागल्याचा आवाज.)

मुलगी : बाबा, मी कोण?

वडील : ...

मुलगी : मला हाक मारा. कुठल्याही नावानं मारा, चुकीच्या मारलीत तरी चालेल.

वडील : ...

मुलगी : तिकडे नका बघू. तिथे कुणी नाही. मी इकडे आहे, तुमच्या शेजारी. बरं, आईचं अर्धं मी म्हणते. बुडत्याला...

वडील : काडीचा आधार.

मुलगी : हं. परत म्हणते हं, बाबा. बुडत्याला...