पहिल्या नंबरचे गाल

समारंभाचे अध्यक्ष बसवंतराव पट्टणशेट्टी, सत्कारमूर्ती डॉक्टर इरण्णा कडकोळ, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे आणि खाली बसल्यामुळे किंचित कमी सन्माननीय ठरलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

प्रारंभीच एक गंभीर निषेध नोंदवतो. व्यासपीठाला मिरची भजी आणि सभागृहाला कोरडे चुरमुरे, हा भेद कोणत्या शास्त्रात सांगितला आहे? गावचा वार्ताहर म्हणून हा अन्याय मी मुकाट्याने सोसला असता. पण हल्ली आमच्या घरी सगळ्यांचाच स्वयंपाक अळणी असतो, त्यामुळे भजीचा वास जिव्हारी लागतो. अळणी का? डॉक्टर, उठू नका. आपल्याच गौरवाचा भाग आहे.

गेल्या वर्षी याच सभागृहात सुदृढ बालक स्पर्धा झाली. परीक्षक आपले डॉक्टर. माझी नात सन्निधी पहिली आली. तिचा गाल ओढून डॉक्टर म्हणाले, "याला म्हणतात खात्यापित्या घरचं लेकरू!" माझी सून शैलजा तिथेच हळूच म्हणाली, "साहेब, सकाळी हिचे डोळे सुजलेले असतात. लघवीला फेस येतो."

"मग मोरीत साबण कमी टाक की, अव्वा!"

आपण सगळे पोट धरून हसलात. आठवतं ना?

आठवड्याने पोरीचं पोट फुगलं, ताप चढला, लघवी जवळजवळ थांबली. शैलजा दवाखान्यात धावली. "ॲडमिट करून घ्या, साहेब." त्यावर आमचे विद्वान काय म्हणाले? "मीच पहिला नंबर दिलेलं लेकरू मीच ॲडमिट करू? गाव हसेल मला!"

गाव हसू नये म्हणून आम्ही हुबळी गाठली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सन्निधीच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. "अज्जा, हे बाळसं नाही, पाणी आहे. मूत्रपिंडाचं दुखणं आहे. मीठ बंद. अजून दोन दिवस घरी ठेवली असती तर..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. मी व्याकरण शिकलेला माणूस. पण ते पुरं करायची माझी छाती झाली नाही.

असो. सत्काराची भेटवस्तू निवडायचं काम मी समितीकडून आग्रहाने मागून घेतलं. डॉक्टर, भेटीवरचा कागद काढा. काढा, लाजता काय? एकाच चौकटीत दोन फोटो आहेत. डावीकडे आपल्या हातून बक्षीस घेणारी सन्निधी, उजवीकडे हुबळीहून घरी आलेली. गाल कुठे गेले म्हणता? लघवीवाटे गेले. डावीकडची पहिली आली. उजवीकडची वाचली.

आपण बढतीवर जिल्ह्याच्या बालविभागात चालला आहात. अभिनंदन! ही चौकट तिथे आपल्या खुर्चीसमोर टांगा. एखाद्या आईला "ॲडमिट कशाला?" म्हणायला मान वर कराल, तेव्हा तिच्या डोक्यावर माझी नात दिसली पाहिजे. टांगली की नाही, ते पाहायला मी येणार. वार्ताहराला कोण अडवतो?

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर गावाने पोटात घालावं; डॉक्टरांनी नाही घातलं तरी चालेल.

बाहेर हॉर्न वाजला. गाडी येईपर्यंतच मी इथे उभा होतो. भजीला थांबत नाही. आज सकाळी सन्निधीचे डोळे पुन्हा सुजलेले दिसले. शैलजा म्हणते, रात्री रडून झोपली म्हणून असेल. असेलही. पण हे दुखणं उलटतं, असं हुबळीच्या बाईंनी बजावलं आहे, म्हणून तिला घेऊन आत्ताच तिकडे निघालो.

मला भीती वाटते आहे. येतो.