मग डाव्याच पायाला का?

बुधवार, सहा सप्टेंबर. हवा दमट, आभाळ खाली आलेलं, वारा नाही, सकाळी वाळत टाकलेला मोजा संध्याकाळी पिळला तरी चाललं असतं... आणि अशा हवेत माझ्या डाव्या टाचेला हा एवढा फोड. थांबा, तारीख आणि हवा आधी सांगायची माझी सवयच आहे, आमची ही म्हणते, तुम्ही 'आग लागली' सांगायला गेलात तरी आधी वार सांगाल. सांगेन ना, वारा कुठून होता ते कळलं नाही तर आग विझवणार कशी?

तर फोड. आता तुम्ही म्हणाल, फोड काय, सगळ्यांनाच येतात, नवे बूट घातले की येतात. मान्य. पण बूट दोन. एकाच खोक्यातले. पाय दोन, एकाच माणसाचे. मोजे एका जोडीचे, रस्ता एकच, चाललो तोही एकाच वेळी, असं नाही की डावा पुढे गेला आणि उजवा मागून रिक्षाने आला. मग डाव्याच पायाला का?

तुम्हाला सांगतो, हा काही रिकामटेकडा प्रश्न नव्हता. मी पाणीखात्यात बिलं लिहिणारा माणूस. खुर्चीत बसून पार म्हातारा व्हायला आलो. आता बिलं मशीन लिहितं, आमचा विभाग बंद, आणि वरून हुकूम आला की सोमवारी प्रत्येकाची ट्रायल, मीटर रीडरचा एक अख्खा मार्ग पायी करून दाखवायचा, जिने चढायचे, तळघरं उतरायची, मीटर वाचायचे. केला तर मीटर रीडर. नाही केला तर गावाबाहेरचं पंपहाऊस, तिथली क्वार्टर, आणि घरी यायचं ते फक्त रविवारी. हिला सांगितलं तर ही इस्त्री खाली ठेवून म्हणाली, "सहा दिवस तुम्ही नाही? मग कपाटाचं दार उघडं कोण टाकणार, आणि मी बोलणार कोणाला?" हसत म्हणाली, पण इस्त्री ठेवलेली होती हो उभी करायची सोडून आडवी. ही हॉटेलच्या लाँड्रीत कामाला आहे, इस्त्री आडवी ठेवणारी बाई नाही ती. उशीचा अभ्रा जळला. तेव्हा कळलं मला, प्रकरण काय आहे ते.

म्हणून मंगळवारी खात्याने दिलेले नवे बूट घालून सरावाला निघालो, नदीच्या पुलापर्यंत आणि परत. आणि आलो तो फोड घेऊन.

मी काय केलं, खिडकीशी बसलो, पाय मांडीवर घेतला आणि नीट बघितला. बघण्यासारखा होता हो. गोल, ताणलेला, उजेडात धरला तर पिवळसर काच. एका बाजूला दाबला की दुसऱ्या बाजूला फुगतो. आत पाणी. आता मी पाणीखात्यातला माणूस, पहिला प्रश्न काय येणार? हे पाणी आलं कुठून? पाइप नाही, नळ नाही, अर्ज केलेला नाही, आणि रातोरात जोडणी सुरू. कोणाच्या परवानगीने?

वरच्या मजल्यावर काका राहतात, निवृत्त ट्रक ड्रायव्हर, ते खाली आले. त्यांना कोणी बोलवावं लागत नाही, घरात कोणाचं दुखतंय हे त्यांना जिन्यातच कळतं. म्हणाले, "दाखव. हां. सुई आण. लाल कर. दोरा ओव, या बाजूने घाल, त्या बाजूने काढ, दोरा आतच ठेव. पाणी दोऱ्यावरून ठिबकतं." मी म्हटलं, "काका, हा पाय आहे, गोधडी नाही." तर म्हणतात, "मी आयुष्यभर असंच केलं, माझ्या टाचा बघ." बघितल्या. ट्रकचं मागचं टायर बरं. मी विचारलं, "पण काका, डाव्याच पायाला का?" काका म्हणाले, "क्लचचा पाय तो. त्यालाच होतं." मी आयुष्यात सायकलशिवाय काही चालवलेलं नाही.

ही म्हणाली, "सुई लावाल तर याद राखा. माझ्या हाताला वाफेचे किती फोड आले, एक तरी फोडला का?" मी म्हटलं, "तुझा भाजल्याचा, माझा घासल्याचा, गोष्ट वेगळी." ही म्हणाली, "भाजल्यावर मी गार पाण्याखाली हात धरून उभी राहते. तुम्ही फोडाला प्रश्न विचारत बसता. एवढीच गोष्ट वेगळी."

गेलो डॉक्टरकडे. तरुण डॉक्टर, बोलताना सारखं दाराकडे बघणारा, बाहेर गर्दी. त्याने भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, "हे बघा, कातडीला थर असतात. वरचा थर बुटाला चिकटून बुटाबरोबर जातो, खालचा हाडाबरोबर मागे राहतो. असं पुन्हा पुन्हा झालं की मधे फट पडते. त्या फटीत रक्तातलंच पातळ पाणी झिरपतं. शरीराने स्वतःसाठी घातलेली गादी आहे ती. त्यात घाम असला, दमट हवा असली, तर कातडी मऊ पडते आणि फट लवकर पडते."

मी अगदी खूश झालो. म्हणजे जोडणी अधिकृत होती, मुख्य लाइनीवरूनच.

"फोडू का?"

"अजिबात नाही. वरची कातडी ही फुकटची पट्टी आहे. साबणाने धुवा, कोरडं करा, आणि जाड चिकटपट्टीला मधोमध भोक पाडून लावा, फोड त्या भोकात, म्हणजे दाब कडेवर पडेल. आपोआप फुटलाच तर कातडी ओढून काढायची नाही, धुवायचं, मलम लावायचं, स्वच्छ पट्टी. पू झाला, लाली पसरली, ताप आला तर लगेच यायचं. मधुमेह आहे?"

"नाही."

"छान. असता तर एवढ्या फोडालाही घरी बसून राहू दिलं नसतं."

"सगळं कळलं डॉक्टर, पण डाव्याच पायाला का?"

डॉक्टर म्हणाला, "ते बुटाला विचारा. पुढचे पेशंट..."

आता तुम्ही सांगा, बुटाला कसं विचारायचं? पण मी विचारलं. घरी येऊन दोन्ही बूट टेबलावर ठेवले, हात घालून आतून चाचपले, कुठे शिवण वर आली आहे का, खिळा आहे का, दोन्हीकडे सारखंच. मग वाटलं, मी पिशवी डाव्या खांद्याला घेतो, भार तिकडे जातो. पिशवी उजवीकडे घेऊन घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. दुखलं डावीकडेच. मग वाटलं, आमचा जिना डावीकडे वळतो. मग जिना उलटा उतरून बघितला. काका खालून वर येत होते, त्यांनी मला पाठमोरा उतरताना पाहिलं, बाजूला सरकून भिंतीला टेकून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "ताप आहे का रे?"

अंघोळ करून बाहेर आलो, ओल्या पायांनीच, विचारात. ही ओरडली नाही, हेच आश्चर्य. फरशीकडे बघत उभी. म्हणाली, "अहो, हे बघा." फरशीवर माझी पावलं उठलेली. उजवं एवढं. आणि डावं... डावं मोठं. लांबीला तर मोठंच, रुंदीलाही. इतकी वर्षं हे पाय माझे आहेत, मला कधी बोलले नाहीत.

ही म्हणाली, "खात्याच्या स्टोअरमध्ये दोन्ही बूट घालून बघितले होते ना?"

मी म्हटलं, "हवा काय दमट आहे."

"अहो, मी काय विचारते?"

"एक बघितला. उजवा."

"एकच का?"

मी फरशी पुसायला फडकं शोधायला लागलो. हिने सावकाश धुवायच्या कपड्यांत हात घातला आणि मोजा बाहेर काढला. डावा. त्याच्या भोकातून आपला अंगठा बाहेर काढून माझ्यापुढे हलवला. "बूट आणायला निघालात त्या सकाळी मी काय सांगितलं होतं? मोजा बदला. तुम्ही काय म्हणालात?"

मी म्हणालो होतो, बुटात कोण बघतंय.

पण बघणार होते हो. स्टोअरच्या काउंटरला त्या बाई, चष्मा नाकावर, मागे अख्खी रांग, सगळा बिल विभाग. त्या म्हणाल्या, "घालून बघा." मी उजवा काढला, आठ नंबर घातला, अगदी बेतलेला. त्या म्हणाल्या, "दुसरा?" आणि मी म्हटलं, "दुसराही माझाच पाय आहे, सारखाच असणार." रांग हसली, मला वाटलं, काय हजरजबाबी माणूस आहे. सही करून टाकली.

गुरुवारी पुन्हा काउंटरला गेलो. नवा मोजा घालून गेलो. म्हटलं, "बाई, डावा एक नंबर मोठा मिळेल का? उजवा हाच राहू द्या." बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "सही झाली. आता पुढच्या वर्षी."

"पण नुसता डावा..."

"बूट जोडीने येतात, जोडीने जातात. नुसता डावा देऊन उरलेला उजवा मी काय डोक्यावर ठेवू?"

मुद्दा बिनतोड होता. नऊची जोडी घेतली असती तरी उजवा आत सरकला असता, आणि डॉक्टरच्या बोलण्यावरून उघडच होतं, घट्टने जसं घासतं तसं सैलनेही घासतं, बूट एकीकडे आणि पाय दुसरीकडे जायला लागला की झालं.

तर सोमवार, अकरा सप्टेंबर. हवा तशीच. हिने सकाळी पाय धुतला, कोरडा केला, भोकाची पट्टी लावली, वर कोरडा मोजा, आणि एक जोडी पिशवीत, घाम आला तर बदलायला. म्हणाली, "जमेल तेवढंच चाला." मग लगेच म्हणाली, "नाही, सगळं चाला."

माझ्यामागे ट्रायल घ्यायला निरीक्षक साहेब. उंच माणूस, हातात पॅड, तोंडातून शब्द नाही. मी पुढे, ते मागे. जिने, तळघरं, जिन्याखालचे मीटर, एका ठिकाणी मीटरवर मांजर झोपलेली, ती उठेपर्यंत आकडा दिसेना. पट्टी टिकली, पण टाच आतून धडधडायला लागली. मी दात आवळून सरळ चालायचा प्रयत्न करतोय, आणि मागून आवाज येतोय... एक पाऊल टक, दुसरं फर्रर. टक, फर्रर. मला वाटलं, साहेब माझी नक्कल करतायत. एवढा मोठा अधिकारी, शोभतं का? वळून बघितलं तर साहेब कठडा धरून उभे. म्हणाले, "मीटर जरा नीट वाचा. घाई नाही." पुढच्या मीटरला म्हणाले, "पुन्हा वाचा." त्याच्या पुढचा मी तीनदा वाचला, आकडा बदलायला लागला पण साहेब हलेनात.

शेवटी एका जिन्यात ते सरळ पायरीवर बसले. मी विचारलं, "साहेब, टाच का?"

"हं."

"कुठली?"

"डावी."

तुम्हाला सांगतो, माझं दुखणं मी विसरलो. खाली पायरीवर बसलो आणि विचारलं, "साहेब, डाव्याच पायाला का?"

साहेबांनी बूट काढला. नवाच, खात्याचाच, नऊ नंबर. म्हणाले, "उजव्याला आठ चावतो, म्हणून नऊ घेतले. डावा आत खेळतोय." मी म्हटलं, "स्टोअरमध्ये दोन्ही घालून बघितले नाहीत?" साहेब भिंतीकडे बघायला लागले. "घाईत होतो." आणि मोज्यातून त्यांचा अंगठा माझ्याकडे बघत होता.

मी टाचेकडे बघायला लागलो. अशा वेळी अंगठ्याकडे बघायचं नसतं.

फोड फुटलेला होता. ते कातडी ओढायला लागले, मी हात धरला, साहेबांचा. म्हटलं, "ती फुकटची पट्टी आहे." जिन्याखालच्या नळाला पाय धुवायला लावला, स्वच्छ रुमालाने टिपला, हिने दिलेली जास्तीची पट्टी लावली, कोरडा मोजा दिला. मलम नव्हतं, म्हटलं घरी गेल्यावर आठवणीने लावा. आणि मग आम्ही दोघं त्या पायरीवर बसून चार बुटांकडे बघत राहिलो. काळे, एकसारखे, खात्याचे. दोघांनाही एकदमच सुचलं, पण साहेबांना हुद्दा आडवा येत होता, म्हणून मी म्हटलं, "साहेब, तुमचा डावा द्याल?"

काय सांगू तुम्हाला. त्यांचा नऊचा डावा माझ्या पायात असा गेला, जसा माझ्यासाठीच शिवला होता. माझा आठचा त्यांना अगदी बेतलेला. मग आम्ही उरलेला मार्ग जो केलाय, साहेब मागे न राहता शेजारून चालत होते, शेवटच्या इमारतीत तर गप्पा मारत. घरी आलो तर ही दारातच उभी. म्हटलं, "सगळं चाललो." तिने आत जाऊन कपाटाचं दार उघडून ठेवलं आणि म्हणाली, "आता तुम्हीच लावा."

गुरुवारी दोन हुकूम निघाले. एक माझा, मीटर रीडरचा. दुसरा साहेबांचा, पंपहाऊसला प्रमुख हवा होता. आणि बदलीवर जाताना खात्याच्या वस्तू जमा कराव्या लागतात. साहेब काउंटरला गेले. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "उजवा नऊ, डावा आठ? अशी जोडी मी दिलेली नाही." संध्याकाळी बेल वाजली. साहेब दारात, पायात चपला, काखेत माझा डावा. म्हणाले, "माफ करा." ही म्हणाली, "चहा तरी घ्या." चहा झाला. बदलाबदली झाली.

शुक्रवार, पंधरा सप्टेंबर. हवा कोरडी, वारा बेताचा. मीटर रीडर म्हणून पहिला दिवस, मार्ग पूर्ण, सगळे आकडे बरोबर. उजवा बूट आठ, डावा बूट आठ. डाव्या टाचेला फोड, जुन्याच जागी.